लाल हापसा

"या हापशाचं पाणी प्या, असं बायकांना सांगितलं कुणी? तुम्हीच ना, बुवा?"

तन्मय उपासनीने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा गोड आवाजात, दुसऱ्यांदा कोरड्या, आणि आता चक्क दरडावून.

मठाच्या ओट्यावर भैरवगिरी बुवा हुलगे निवडत बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. अंगात विरलेली भगवी कफनी, चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं दोरा बांधलेला. त्यांनी सुपातला एक खडा उचलला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि अंगणात भिरकावला.

"मी कशाला सांगू?"

"मग कुणी सांगितलं?"

बुवांनी सुपात दुसरा खडा शोधायला घेतला.

"गप्प बसलात म्हणून मी जाणार नाही. मला वेळ आहे."

"बसा की," बुवा म्हणाले. "उन्हात आलात."

आता हा उपासनी कोण, ते सांगायलाच हवं. नाहीतर कुणालाही वाटायचं, पोलीसच आला म्हणून.

तर तो पुण्याच्या एका संस्थेत होता. सरकारने किंवा कुणा दानशूराने एखादी योजना काढली की तिचा लोकांना खरंच उपयोग झाला का, हे तपासायचं, आणि जे सापडेल ते लोकांपुढे मांडायचं, हे त्याचं काम. तपासणारे पुष्कळ असतात हो. मांडण्यात मात्र हा पठ्ठ्या एक नंबर. "तक्ते कोण वाचतो? आकडा डोळ्यांत भरला पाहिजे," असं तो भाषणात सांगायचा आणि खरोखरच भरवून दाखवायचा. त्याची चित्रं, त्याचे रंगीत नकाशे, त्याच्या दोन-दोन मिनिटांच्या फिल्मा बघायला मोठमोठे अधिकारी खुर्च्या पुढं ओढून बसत. टाळ्या तर ठरलेल्याच. टाळ्यांची सवय फार वाईट. एकदा लागली की माणसाला दुसरं काही ऐकूच येत नाही.

शेंडगेवस्ती ही माळावरची साठ घरांची धनगरांची वस्ती. वस्तीत पाच हापसे. पाचही हापशांचं पाणी तन्मयच्या माणसांनी बाटल्यांत भरून नेलं, तपासलं. चार चांगले निघाले. मठाच्या दारातल्या पाचव्यात मात्र फ्लोराइड होतं, तेही हद्दीबाहेर. दिसायला नितळ, चवीलाही बरं. पण रोज प्यायलं तर पोरांचे दात आधी पिवळे, मग तपकिरी, आणि पुढं हाडंच वाकायला लागतात. त्याला औषध नाही. पाणी थांबवणं हाच उपाय.

मग हे वस्तीला सांगायचं कसं? कचेरीतल्या म्हाताऱ्या कारकुनाने सुचवलं होतं, एक कागद लिहू आणि चावडीवर वाचून दाखवू. तन्मय हसला होता. "काका, कागदाचे दिवस गेले. अक्षर नको, भाषण नको. रंगच बोलेल."

ज्येष्ठात रंगारी आले. वस्ती रानात गेली होती. त्यांनी पाचवा हापसा दांड्यापासून चौथऱ्यापर्यंत लालभडक रंगवला, चार बाजूंनी फोटो काढले आणि गेले. बाकीच्या चार हापशांना हातही लावायचा नाही, अशी तन्मयची सक्त ताकीद होती. जास्त रंग वापरले की माणूस गोंधळतो, हे त्याचं आवडतं वाक्य.

तो फोटो फार गाजला. करडा माळ, करडं आभाळ आणि मधोमध तो लाल हापसा. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा म्हणे.

चार महिन्यांनी पुन्हा पाहणी झाली. लाल हापसा माहीत आहे का, असं विचारलं तेव्हा साठातल्या पंचावन्न घरांनी हो म्हटलं. तन्मयने 'जाणीव ब्याण्णव टक्के' असं छापलं, तेही वीतभर अक्षरात.

पण त्याच कागदाच्या पाठीवर दुसरा आकडा होता. लाल हापशाचं पाणी आधी सतरा घरं पीत होती. आता एकेचाळीस.

तन्मयने तो कागद तीनदा वाचला. लोकांना माहीत आहे आणि तरीही लोक तेच पितात? म्हणजे कुणीतरी मुद्दाम पाजतंय. त्याच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. हापसा कुणाच्या दारात? मठाच्या. वस्ती कुणाचं ऐकते? बुवाचं. तालुक्याच्या कर्मचाऱ्यानेही डोळा मिचकावून सांगितलं होतं, "तिथं बुवाच्या शब्दाबाहेर कोंबडंसुद्धा आरवत नाही, साहेब."

बस्स. धागा जुळला. 'स्थानिक धार्मिक व्यक्तीने गैरसमज पसरवल्याचे आढळले' असं वाक्य त्याने अहवालात लिहूनही टाकलं होतं. अहवाल उद्या जिल्ह्याच्या सभेत मांडायचा होता. फक्त बुवाच्या तोंडून कबुली काढायची बाकी होती, म्हणून दिवाळी तोंडावर आलेली असताना एवढ्या लांब येणं झालं होतं.

आणि आल्याआल्या पुरावाही मिळाला. हापशाच्या दांड्याला झेंडूचा वाळका हार होता! तन्मयने लगेच फोटो काढला.

"हा हार कुणी घातला?" त्याने आता विचारलं.

"हौसाने."

"तुमच्या सांगण्यावरून?"

"खंडेनवमी झाली ना परवाच. कोयत्याला घालतात, कुऱ्हाडीला घालतात. हापशाला घातला." बुवा सूप हलवत म्हणाले. "तुमच्याकडं गाडीला घालत नाहीत का?"

बाहेर उभ्या असलेल्या तन्मयच्या गाडीच्या नाकावरही झेंडूच लोंबत होता, पण ते वेगळं.

"विषय बदलू नका. बाकी चारही हापसे सोडून बायका इथंच का येतात? तुम्ही काय देता त्यांना? अंगारा? वचन?"

"पाणी बरं लागतं म्हणून येतात."

"बरं?" तन्मय उठून उभा राहिला. "अहो, विष आहे त्यात! पोरांची हाडं वाकतील! म्हणून तर तो लाल रंगवलाय मी!"

बुवांचा हात सुपात थांबला.

"म्हणून लाल रंगवलाय?" त्यांनी सावकाश विचारलं.

"मग कशासाठी? शोभेसाठी?"

बुवा सूप बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात रेटत उठले, आत गेले. पाण्याचा माठ दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणला आणि अंगणातल्या तुळशीपासून लांब, निवडुंगाच्या बुडाशी पालथा केला. भडभड पाणी गेलं.

तन्मय टक लावून बघत होता. हा म्हातारा काय लपवतोय? माठात काय घोळून ठेवलं होतं याने? त्याने वहीत लिहिलं, 'माझ्यासमोर माठ रिकामा केला. घाईने.'

तेवढ्यात हापशाचा दांडा वाजला. एक बाई कडेवर जेमतेम वर्षाची पोर घेऊन कळशी भरत होती.

"ही हौसा," बुवा म्हणाले.

बाईने वर पाहिलं. गाडी पाहिली, तन्मयच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. कळशी तशीच सोडून ती ओट्याशी आली.

"रंगवाले सायेब ते तुम्हीच व्हय?"

"हो. का?"

"लई उपकार झालं बघा!" तिने पोरीचं डोकं हाताने खाली लववलं. "पड सायबाच्या पाया. आवं, आदी म्या दोन वावरं वलांडून खालच्या हापशावरनं पानी आनत व्हते. पाय मोडायचं. पन हितलं पानी चांगलं का वंगाळ, कुनाला ठावं? तुम्ही तपासून रंग दिला, तवापास्नं पोरीला दुसऱ्या पान्याचा थेंब पाजला न्हाई. पावन्यानं मागितलं तरी ह्येच देते."

तन्मयचं डोकं अजून जागचं हललं नव्हतं. ही बाई शिकवलेली आहे. नक्कीच. एवढ्या सफाईने कोण बोलतं?

"हे असं बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं?" त्याने बुवांकडे नजर टाकत विचारलं.

"सांगायचं काय त्यात?" हौसा गोंधळली. "रंग दिसतोय की."

"लाल रंग म्हणजे काय, माहीत आहे?"

"म्हाईत न्हाई व्हय!" ती हसली. "शेळ्यामेंढ्यांतच जनम गेला आमचा."

मेंढ्यांचा इथं काय संबंध, ते तन्मयला कळेना. त्याने बुवांकडे पाहिलं. ते त्याच्याकडे बघतच नव्हते.

"हौसा," बुवा म्हणाले, "ती कळशी ओत. आज हितलं पाणी नेऊ नकोस."

"का वं बुवा?"

"सांगतो मागनं. लेकरू घे आणि खालच्या हापशावर जा."

हौसाने एकदा बुवांकडे, एकदा साहेबाकडे पाहिलं. मग मुकाट्याने कळशी ओतली आणि उताराला लागली.

"पाहिलंत?" तन्मय उसळला. "एका शब्दात थांबली! म्हणजे थांबवणं तुमच्या हातात होतं. चार महिने होतं! लाल म्हणजे धोका, हे सगळ्या जगाला कळतं आणि तुम्हाला कळलं नाही, यावर मी विश्वास ठेवू?"

"जगाला कळतं?"

"सगळ्या जगाला!"

"जग बरंच लांब आहे हो इथनं," बुवा म्हणाले आणि त्यांनी वहाणा पायात सरकवल्या. "चला."

"कुठं?"

"चला तर."

मठामागच्या वाघरात, म्हणजे जाळी लावून केलेल्या मेंढरांच्या कुंपणात, गडबड चालली होती. तालुक्याचे व्यापारी गफूरभाई मेंढरं घ्यायला आले होते. दोन धनगर एकेक मेंढरू धरून पुढं करत. गफूरभाई त्याची पाठ दाबून बघत, कंबर चाचपत, तोंड उघडून दात बघत. नाही जमलं की "सोड" म्हणत. जमलं की शेजारच्या घमेल्यातल्या ओल्या गेरूत बोटं बुडवून त्याच्या पाठीवर लाल फरांटा ओढत.

तन्मय नाकाला रुमाल लावून लांब उभा राहिला. हा म्हातारा आपल्याला घोळात घेतोय, वेळ काढतोय, एवढंच त्याच्या मनात होतं. गाडीला कुणी काही करत तर नसेल?

बुवा घमेल्याशी वाकले. दोन बोटं गेरूत बुडवली. मागं वळले आणि तन्मयच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर, खांद्यापासून कोपरापर्यंत, एक लाल पट्टा ओढला.

"अहो! काय करताय काय!"

सगळं वाघर हसायला लागलं.

"घ्या!" एक धनगर मांडीवर थाप मारत ओरडला. "बुवानं सायबाला पसंत क्येलं!"

"न्या बुवा, न्या," गफूरभाईंनी तन्मयची पाठ लांबूनच जोखली. "पण नुसती हाडं आहेत हो. दुसरा बघा एखादा."

आणखी हसू. तन्मयचे कान लाल झाले. त्याने रुमालाने बाही पुसली, तर गेरू आणखीच पसरला. ओरडायला त्याने तोंड उघडलं...

...आणि तसंच मिटलं.

त्याची नजर मेंढरांवर गेली होती. पाच-सहा मेंढरांच्या पाठीवर लाल पट्टे होते. बाकी साठ-सत्तर कोरीच.

"हे..." त्याने बोट दाखवलं. "हे लाल लावलेले... आजारी आहेत का?"

"आजारी?" गफूरभाईंनी कपाळाला हात लावला. "साहेब, काय बोलता! सगळ्या कळपातनं निवडून काढलेत. आजाऱ्याला रंग लावून रंग कोण वाया घालवेल? त्याला तसंच सोडून देतो आम्ही."

तसंच सोडून देतो.

चार हापसे तसेच सोडले होते. त्याने स्वतःच. सक्त ताकीद देऊन.

तन्मय तिथल्याच एका दगडावर बसला. धनगर पुन्हा कामाला लागले. एक मेंढरू पुढं आलं, गेलं. दुसरं आलं, त्याला पट्टा मिळाला. तन्मयच्या डोळ्यांपुढं मात्र ती पोर होती. आईने हाताने डोकं लववल्यावर ती हसली होती. पुढचे चार दात नुकते आलेले, अजून पांढरे. चार महिने. आणि तशीच आणखी तेवीस घरं, त्यानेच तिथं आणून बसवलेली. त्याला भडभडून आलं. लाज वाटली, भीती वाटली, आणि या सगळ्याच्या तळाशी अजूनही तो जुना संशय वळवळत होताच.

"तुम्हाला माहीत होतं," तो बुवांना म्हणाला. "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं आणि तुम्ही गंमत बघत बसलात!"

"मला मघाशी कळलं. तुम्ही ओरडलात तेव्हा."

"खोटं."

"असेल," बुवा शांतपणे म्हणाले. "पण चार महिने मीही तेच पितोय. आधी मीसुद्धा खालच्या हापशावर जायचो. हे गुडघे घेऊन. म्हटलं, शिकलेल्या माणसांनी पसंत करून दारात ठेवलंय, तर कशाला उतरा?"

मघाचा तो माठ. निवडुंगाच्या बुडाशी भडभड गेलेलं पाणी. तन्मयने वही काढली, त्यात लिहिलेलं ते वाक्य शोधलं, आणि पान फाडून चुरगाळून खिशात घातलं. अहवालातलं वाक्यही आता कापून टाकावं लागणार होतं. ते पुण्यात गेल्यावर. आधी इथलं बघायला हवं होतं.

पण सवय कुठं जाते? दोन मिनिटांत तो उठून उभा राहिला.

"ठीक आहे. चूक कळली ना, आता दुरुस्त करू. बुवा, ऐका. हा रंग खरवडून काढायचा. त्याजागी काळा द्यायचा आणि वर कवटी काढायची. कवटी तर इथं कळेल ना? नाहीतर असं करू, चांगल्या चार हापशांना गेरूचा पट्टा, धनगरी पद्धतीचा. वा! किती छान दिसेल! तुमचीच खूण, तुमचाच रंग. एक गाणं करून घेऊ, तुमच्या धनगरी गजी नाचाच्या ठेक्यात बसेल असं. छोटी फिल्म. तुम्ही त्यात दोन वाक्यं बोला..."

बुवा ऐकत होते.

"कसं वाटतं?" तन्मयने विचारलं.

"किती दिवस लागतील?"

"गाणं, फिल्म धरून... तीन आठवडे. दिवाळी आहे ना मध्ये."

"आणि हौसा आज संध्याकाळी पोरीला काय पाजेल? आज मी थांबवलं तिला. उद्या विचारेल, का थांबवलं."

"तुम्हीच सांगा ना मग," तन्मय घाईघाईने म्हणाला. "तुमचं ऐकतात सगळे. मघाशी पाहिलं मी. तुम्ही एक शब्द टाका, एका दिवसात एकेचाळीस घरं हापसा सोडतील."

हे बोलताना, तासाभरापूर्वी आपण याच माणसावर याच गोष्टीचा आळ घेत होतो, हे त्याला आठवलं की नाही, कुणास ठाऊक. बुवांना आठवलं असावं. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

"मी सांगितलं तर सोडतील," ते म्हणाले. "म्हणतील, बुवाला रात्री काही दिसलं असेल. उद्या दुसरा बुवा येऊन प्या म्हणाला, की पितील. रंग तू दिलास ना?"

साहेबाचा 'तू' कधी झाला, ते तन्मयच्या लक्षातही आलं नाही.

"मी दिला."

"पाणी तू तपासलंस?"

"हो."

"मग?"

मठाच्या दाराशी बायका जमायला लागल्या होत्या. उतारावरून जाताना हौसाने वाटेत कुणाकुणाला सांगितलं असणार. आठ-दहा जणी, रिकाम्या कळशा कमरेवर, हापशापासून चार पावलं लांब उभ्या. कुणी पाणी भरत नव्हतं, कुणी जातही नव्हतं. एकमेकींच्या कानाशी लागत होत्या आणि मधूनच गाडीकडे बघत होत्या, त्या नजरा काही चांगल्या नव्हत्या.

तन्मयच्या हातात फोन होता. त्यात ती फिल्म होती, तो गाजलेला फोटो होता, ब्याण्णव टक्क्यांचं ते वीतभर पान होतं. हजार माणसांपुढं न अडखळता बोलणारा माणूस तो. आता तो फोन त्याने खिशात सारला.

"म्हणजे मी तिथं जाऊन..." तो थांबला. "चित्र नाही, काही नाही. नुसतं उभं राहून सांगायचं, की पाणी खराब आहे, आणि तुम्ही ते पीत राहिलात ती चूक माझी?"

बुवांनी मान डोलावली.

"शिव्या घालतील, बुवा."

"घालतील."

"आणि एकदा मी चुकलो म्हटलं, की मग संपलंच सगळं. पुन्हा माझं कुणी ऐकेल का इथं?"

बुवांनी चष्मा काढला, कफनीच्या टोकाने पुसला आणि पुन्हा नाकावर ठेवला.

"पुन्हा कुठलं, लेकरा... आज पहिल्यांदाच ऐकतील."